घसरणीच्या तोंडाशी

पार्सलच्या गोदामात खालच्या मजल्यावर घसरणीच्या तोंडाशी उभी राहते ती बाई, एवढी काकूची ओळख पुरेशी होती. वय चोपन्न, अंगकाठी किरकोळ, आवाज खणखणीत, आणि जगातल्या बहुतेक माणसांबद्दलचं मत एका शब्दात मावणारं: ठोंबे. तिला काकू म्हणणाऱ्यांत तिच्याहून थोराड माणसंही होती. त्यात तिला काही वावगं वाटत नसे. अक्कल वयावर नसते, असं ती त्यांच्या तोंडावर सांगे.

नवरा ठोंब्या, कारण त्याच्या हातून रोज एक तरी भांडं पडे आणि पडल्यावर ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखा तो बघत उभा राही. काकू ओट्याशी पाठमोरी असे. डब्याचं झाकण फरशीवर आपटून गडगडत निघालं की ती मान न वळवता टाच मागे सरकवी, आणि झाकण येऊन बरोबर टाचेशी आडवं होई. नवरा तोवर कपाटाखाली वाकून शोधत असे. बत्तीस वर्षं त्याने हा प्रकार पाहिला होता आणि बत्तीस वर्षांत एकदाही त्याला कौतुक वाटलं नव्हतं. हे ठोंबेपणाचं आणखी एक लक्षण, असं तिचं म्हणणं.

जावई ठोंब्या, कारण तो दोन्ही कानांत गाण्याची बोंडं खुपसून रस्त्यावरून चाले. रस्ता ओलांडताना चारदा डावीकडे, चारदा उजवीकडे बघायचा, आणि तरीही टेंपो अंगावर येईपर्यंत त्याला पत्ता नसायचा. काकू रस्ता ओलांडायची ती कानांच्या भरवशावर. मागून येणारी मोटार किती लांब आहे, वेग वाढवतेय की ब्रेक लावतेय, वळणार आहे की सरळ जाणार, हे तिला टायरांच्या सळसळीवरून कळे. नणंदेने विजेवर चालणारी स्कूटर घेतली, ती एकदा फाटकाशी मागून गुपचूप येऊन काकूच्या कोपराला घासून गेली. काकूने नणंदेला विचारलं, की आवाज न करता एक तर मांजर येतं नाहीतर चोर येतो, त्यातलं हे वाहन कुठलं ते एकदा सांगून टाक. नणंद त्यानंतर तीन महिने घरी फिरकली नाही. काकूने तो फायदाच धरला.

गोदाम उतारावर बांधलेलं होतं. मागचा रस्ता उंचावर. लांबून येणारे ट्रक तिथे लागत आणि वरच्या मजल्यावर माल उतरे. पुढचा रस्ता खाली, तिथून लहान गाड्या पार्सलं घेऊन शहरभर जात. वरून खाली माल आणायला लोखंडी पत्र्याची घसरण होती, लहान मुलांच्या बागेत असते तशीच, फक्त दोन मजले उंच. तिला दोन वळणं होती आणि पत्रे एकमेकांना जिथे जोडले होते असे सहा जोड होते. खालच्या तोंडाला धूळ अडवायला जाड पट्ट्यांचा पडदा सोडलेला. त्यामुळे आत काय येतंय ते दिसत नसे, आणि दिसे तेव्हा उशीर झालेला असे.

पडद्याबाहेर लोखंडी रुळांचं टेबल. आलेलं खोकं दोन्ही तळव्यांनी थोपवायचं, चिठ्ठीवरचा रंग बघायचा, आणि डाव्या, उजव्या किंवा समोरच्या ट्रॉलीत सारायचं. एक सारेपर्यंत वरून दुसरं सुटलेलं असे. म्हणजे अर्धा वेळ काकूची पाठ घसरणीकडे. इतर लोक या जागेवर महिनाभर टिकत. कुणाची नखं काळीनिळी होत, कुणाची बोटं खोकं आणि टेबल यांच्यामध्ये सापडत. काकूला सतरा वर्षांत साधं खरचटलंही नव्हतं.

कारण ती ऐकायची. खोकं जोडावरून गेलं की टक् असा आवाज होई. पहिला टक्, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. तिसरा आणि चौथा जवळजवळ. चौथा आणि पाचवा किती जवळ आले यावरून खोकं किती वेगात आहे ते कळे. दुसऱ्या वळणावर ते बाहेरच्या कडेला थडके, आणि थडकलं कसं यावरून ते सरळ येणार की कोपरा पुढे काढून येणार हे ठरे. सहावा टक् झाला की अर्धा श्वास उरे. तेवढ्यात काकू वळे, तळवे पुढे करी, आणि पडद्यातून निघालेलं खोकं आधीच ठरल्यासारखं तिच्या हातांत येऊन बसे.

नवीन माणसं शिकायला तिच्याकडे धाडली जात. ती म्हणायची, ऐका. ती बिचारी कोंबडीसारखी मान वाकडी करून ऐकत आणि पहिल्याच तासाला बोटं चोखत बसत. काकू म्हणायची, की देवाने यांना कान दिले ते चष्म्याच्या दांड्या अडकवायला.

आणि तिला नुसता वेग कळे असं नव्हतं. वजनही कळे. हलकं खोकं आलं तर ती मनगटं सैल सोडी, जड आलं तर पाय रोवून खांदा पुढे घाली, काचेचं आलं तर हात मागे ओढत ओढत त्याला झोपवल्यासारखं थांबवी. हे कसं कळतं असं कुणी विचारलं की ती सांगे, जड खोकं घसरणीवर बसायच्या आधीच गुरगुरतं, आणि काच कुरकुरते. तुम्हाला ऐकू येत नाही त्याला मी काय करू.

वरच्या मजल्यावर खोकी सोडणारा माणूस तोतरा होता. त्याच्या आधी तिथे जो कोणी असे तो घसरणीत तोंड घालून “जड” किंवा “काच” असं ओरडे. हा आला तेव्हा यानेही ओरडून पाहिलं. बरण्यांचं एक खोकं सोडलं आणि वरून “का… का… का…” सुरू झालं. बरण्या खाली पोचून फुटल्या, झाडू आला, काचा गोळा झाल्या, तेव्हा “च” उतरलं. खालचा सगळा मजला हसला. काकू सगळ्यांत मोठ्याने हसली आणि तिनेच त्याचं नाव तोत्या पाडलं. त्या दिवसापासून तो ओरडला नाही. अकरा वर्षं झाली, दोघांत एक शब्द झाला नव्हता. तो मागच्या रस्त्याने येई, मागच्या रस्त्याने जाई. त्याचं तोंड बंद झालं ते बरंच झालं, मला कान आहेत, असं काकू चहाच्या वेळी सांगत असे.

मग नवा साहेब आला. तिशीचा, इस्त्रीतला, गळ्यात दोरीला स्टॉपवॉच. स्वतःच्या जेवणाच्या डब्यापेक्षा जड काही त्याने जन्मात उचललेलं नसावं. पहिले चार दिवस तो प्रत्येकाच्या मागे उभा राहून घड्याळ दाबत होता. काकूच्या मागे उभा राहिला तेव्हा तिने न वळता सांगितलं, की दोन पावलं डावीकडे व्हा, कोपरा पुढे काढून येतंय. त्याला ते समजलं नाही. खोकं आलं, कोपऱ्याने वळलं, आणि साहेबाच्या मांडीवर आदळलं. काकूने त्याचं नाव घड्याळ्या ठेवलं. तोंडावर अर्थात ती त्याला साहेबच म्हणे.

घड्याळ्याने फोनवर आवाज मोजला आणि सांगितलं की घसरणीचा खडखडाट कानांना घातक आहे. यात खोटं काही नव्हतं. खालच्या मजल्यावरची अर्धी माणसं घरी गेल्यावर मोठ्याने बोलत. पण त्यावर त्याने जो उपाय काढला तो त्याच्या अकलेला शोभेसा होता. पत्र्यावर वरपासून खालपर्यंत रबराची चादर बसवली, टेबलाशी एक लाल दिवा लावला, आणि सगळ्यांना कानांवर घालायला जाड टोप्या दिल्या. वरून खोकं सुटलं की दिवा लागणार. दिवा लागला की हात पुढे करायचे. इतकं सोपं, असं तो म्हणाला.

दिवा लागे हे खरं. पण तो समोरच्या खांबावर होता, आणि काकूची पाठ खांबाकडे असे तेव्हाही तो लागतच असे. शिवाय हलकं खोकं रबरावर अडखळत येई आणि जड खोकं सुसाट येई, दिवा मात्र दोघांसाठी सारखाच लाल. पहिल्या आठवड्यात चौदा खोकी फुटली. दुपारच्या पाळीतल्या एका बाईचे पुढचे दोन दात गेले. काकूच्या उजव्या करंगळीचं नख उपटलं, सतरा वर्षांत पहिल्यांदा. तिने कानांवरची टोपी काढून कचऱ्याच्या पिंपात टाकली. त्याबद्दल तिला ताकीद देणारं पत्र मिळालं. ते पत्रही तिने त्याच पिंपात टाकलं.

साहेबाने तिला खोलीत बोलावलं. काचेची खोली, आत झाडाची कुंडी, झाड प्लास्टिकचं. त्याने समजावलं की तिचं वय बघता प्रतिक्षिप्त क्रिया मंदावल्या असणार, त्यात लाजण्यासारखं काही नाही, तिला चिठ्ठ्या चिकटवायच्या टेबलावर बसवता येईल. काकूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की कानाला धोका म्हणून तुम्ही कान झाकलेत, उद्या डोळ्याला धोका दिसला तर डोळे बांधाल.

“काकू, तुमच्या कानांवर मी गोदाम चालवू का?” साहेबाने विचारलं.

“आजवर कशावर चाललं होतं?”

साहेबाने तिच्या बदलीचा कागद पुढे ओढला. पण फुटलेल्या खोक्यांचा आकडा मुख्य कचेरीपर्यंत पोचला होता आणि तिथून दोन माणसं चौकशीला येणार होती. त्याला काहीतरी करून दाखवणं भाग होतं. शेवटी ठरलं ते असं: एक सकाळ रबर काढायचं, वीस खोकी मिसळून सोडायची, काकूने ती थोपवायची, आणि साहेबाने मोजायचं. ते दोघे पाहुणे बघतील. काकू म्हणाली, पडद्यातून फट दिसते असं मागाहून कुणी म्हणायला नको, मी डोळ्यांवर रुमाल बांधते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मिरवायची हौस तिची स्वतःची.

साहेबाने एकच अट घातली. वरून सोडायला नेहमीचा माणूस नको. तो अकरा वर्षं तिच्या जोडीला आहे, दोघांचं काही संगनमत असलं तर चाचणीला अर्थ राहणार नाही.

काकू मनापासून हसली. “संगनमत करायला समोरच्याला डोकं लागतं, साहेब. कुणालाही उभं करा. गाढव उभं केलंत तरी चालेल.”

ट्रकवरचा एक धिप्पाड हमाल उभा केला गेला. तोतऱ्याला त्या सकाळी सुट्टी दिली.

दोन्ही पाहुणे टापटीप होते आणि दोघांनाही धुळीची शिंक येत होती. खालच्या मजल्यावरची सगळी माणसं ट्रॉल्या सोडून गोळा झाली. काकूने रुमाल घट्ट बांधला, तळवे एकमेकांवर घासले, आणि पाठ घसरणीकडे करून उभी राहिली. पहिलं खोकं सुटलं. टक्, टक्, मग जवळजवळ टक् टक्, वळणावर थड, आणि ती वळली. खोकं तिच्या तळव्यांत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरंही तसंच.

तिसऱ्याला तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जोड ऐकू आले, वेग कळला, वळण कळलं. पण नेहमी सगळ्याच्या आधी जे कळायचं ते कळलं नाही. ते गुरगुरलं नाही, म्हणजे हलकं असणार असं धरून तिने मनगटं सैल सोडली. खोक्यात नळांच्या तोट्या होत्या, पितळी, शंभर तरी. उजवं मनगट मागे वाकलं आणि आत काहीतरी कट् झालं. तिने पुन्हा घसरणीकडे पाठ केली.

सातव्या खोक्याला ती जडाच्या तयारीने खांदा घालून उभी राहिली. आत दिव्यांवरच्या कागदी टोप्या होत्या. खोकं चेपून चपटं झालं. अकरावं काचेचं होतं, कुरकुरलं नाही, फुटलं. सोळाव्याला मनगट सुजून बांगडी रुतायला लागली होती. तिने डाव्या हाताचा आणि छातीचा उपयोग करून विसावं खोकं थोपवलं, रुमाल सोडला, आणि टेबलाला टेकली.

साहेब तिच्याकडे धावत आला तो घड्याळ दाखवत. वीसच्या वीस खोक्यांना हात वेळेवर लागला होता. एकही निसटलं नव्हतं. दिव्याच्या पद्धतीत दहात चार निसटत होती. तो पाहुण्यांना सांगायला लागला, की आवाजाच्या अंतरावरून वेगाचा अंदाज कसा येतो, जणू ही गोष्ट त्याला जन्मापासून माहीत होती. पाहुण्यांनी माना डोलावल्या. फुटलेल्या खोक्यांबद्दल एकाने विचारलं, तर साहेब म्हणाला की तेवढी तूट चालायचीच. मनगटाबद्दल कुणी काही विचारलं नाही. काकू त्या तिघांकडे बघत राहिली. तिला वाटलं, यांना काहीच कळलं नाही. मी हरले आणि हे टाळ्या वाजवतायत.

दवाखान्यात प्लास्टर झालं. डॉक्टरने घरी जायला सांगितलं, पण ती परत गोदामात आली. घरी नवरा होता, आणि एका हाताने त्याला सहन करणं अवघड होतं. दुपार झाली होती. रबर अजून परत बसवलं नव्हतं, तिच्या जागी दुसरी बाई उभी होती, आणि वर तोतरा कामावर परत आला होता. काकू रिकाम्या ट्रॉलीवर बसली. सतरा वर्षांत पहिल्यांदा तिला खोकी थोपवायची नव्हती. नुसतं ऐकायचं होतं.

तिने ऐकलं. पहिल्या जोडाच्या आधी, अगदी वर, धप्प असा एक बसका आवाज झाला. मग टक्, टक्. खोकं आलं ते जड होतं. पुढच्याला वर काहीच आवाज झाला नाही. ते हलकं निघालं. मग खर्र, खर्र असं दोनदा घासलं, आणि आत काच होती. तिने बोटांवर मोजत बारा खोकी ऐकली. बाराव्याला तिने प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने उचलला आणि जिना चढायला लागली. हा जिना ती कधी चढली नव्हती. वर कशाला जायचं, वर कोण आहे, असं ती म्हणायची.

वरचा मजला खालच्यापेक्षा थंड होता. मोठी दारं सताड उघडी, वारा थेट आत. तोतरा घसरणीच्या ओठाशी उभा होता. पन्नाशीचा असेल, की साठीचा? तिने कधी विचारलं नव्हतं. कानशिलांवर केस पांढरे, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत विटलेल्या. त्याने तिला पाहिलं, एक पेटी पुढे सरकवून बसायची खूण केली. ती बसली नाही.

“खोकं सोडताना तू काय करतोस?” तिने विचारलं.

त्याने बोलण्याऐवजी करून दाखवलं. जड खोकं उचललं, त्याची मागची कड पत्र्याच्या ओठावर आपटली, धप्प, आणि मग सोडलं. काचेचं खोकं घेतलं, वीतभर पुढे, वीतभर मागे, पुन्हा पुढे, खर्र खर्र. हलकं नुसतं सोडून दिलं.

कधीपासून, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं, की पहिल्या महिन्यापासून. त्याचं ओरडणं वेळेवर पोचेना, तेव्हा दुसरं काय करणार. हे सांगायला त्याला बराच वेळ लागला. काकूने आयुष्यात कुणाचं वाक्य पुरं होईपर्यंत वाट पाहिली नव्हती, पण इथे तिला जाताही येईना.

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“म… मला वाटलं, तु… तुम्हाला म… माहीत आहे.”

तो थांबला. वाटलं, संपलं. पण त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि तो पुढे बोलला. घसरणीतून आवाज खाली जातो तसा वरही येतो. ती नवीन माणसांना जे शिकवायची ते सगळं त्याला इथे ऐकू यायचं. जड खोकं कसं गुरगुरतं, काच कशी कुरकुरते. अकरा वर्षं त्याने ते ऐकलं होतं. मधूनमधून तो मुद्दाम उलटं करायचा. हलक्या खोक्याला धप्प द्यायचा आणि मग कान लावून बसायचा, खाली ती कुणाला शिव्या देते ते ऐकायला.

“क… कधी चिठ्ठीला, क… कधी गोदामाला,” तो म्हणाला. “मला फा… फार म… मजा यायची.”

काकूला त्या खोक्यांची आठवण होती. दोन-तीन नव्हे, पाच-सहा तरी. तिने पाठवणाऱ्यांना चोर ठरवलं होतं, वजन एक सांगतात आणि भरतात दुसरंच. एकदा तर तिने लेखी तक्रार करायला लावली होती. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. डावा हात रिकामा होता आणि तो माणूस हाताच्या अंतरावर होता. पण त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ज्या नजरेने ती जावयाकडे बघायची, त्याच नजरेने तो तिच्याकडे बघत होता. ती नजर तिने आजवर फक्त आतून वापरली होती. बाहेरून ती कशी दिसते हे तिला ठाऊक नव्हतं.

ती खाली आली. जिना उतरताना तिने मनातल्या मनात वाटणी केली. जोड माझे. वेग माझा. वळण माझं. त्यातलं काही तो वरून देऊ शकत नव्हता, आणि आज परक्या माणसाने सोडलेली वीस खोकी तिने बरोबर वेळेला गाठली होती. ते कुणाच्या बापाचं देणं नव्हतं. वजन मात्र त्याचं. काचही त्याची. निम्म्याहून थोडं जास्त माझं, असं तिने ठरवलं, आणि तरीही घरी पोचेपर्यंत तिला बरं वाटलं नाही. त्या संध्याकाळी नवऱ्याने तिची वेणी घातली, कशीबशी, तीन बटा तिन्ही दिशांना. तिने आरशात बघितलं आणि काही बोलली नाही. नवरा घाबरून डॉक्टरला फोन करायला निघाला होता.

पुढचं झपाट्याने झालं. रबर गेलं, दिवा काढला, टोप्या पेटीत गेल्या. खडखडाट कमी करायला साहेबाने पत्र्याच्या बाहेरून गाद्या बांधल्या. ती कल्पना बरी होती, कारण ती त्याची नव्हती, गोदामातल्या सुताराची होती. साहेबाने मुख्य कचेरीला चाळीस पानांचा अहवाल पाठवला. माणूस नुसता डोळ्यांनी वस्तू पकडत नाही, कानांनी तिची वेळ आधी बांधतो, असं त्यात लिहिलं होतं, आणि हे आपल्याला निरीक्षणातून आढळल्याचंही लिहिलं होतं. अहवालात डोळ्यांवर रुमाल बांधलेल्या काकूचा फोटो होता. खाली तिचं नाव नव्हतं, “एक अनुभवी कर्मचारी” असं होतं. साहेबाला बढती मिळाली आणि तो दुसऱ्या, मोठ्या गोदामात गेला. जाताना त्याने काकूशी हस्तांदोलन करायला हात पुढे केला तो तिच्या प्लास्टरच्या बाजूला.

जाण्याआधी त्याने आणखी एक गोष्ट केली. इतर गोदामांतून सहा माणसं ही पद्धत शिकायला बोलावली. काकूने त्यांना घसरणीपाशी उभं केलं आणि जोड ऐकवले. त्यांनी वह्यांत लिहून घेतलं. मग ती म्हणाली की हे निम्मंच झालं, उरलेलं वर आहे. खालच्या मजल्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. काकू कुणाला दुसऱ्याकडे पाठवते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ती त्यांच्याबरोबर वर गेली. तोतऱ्याला सांगितलं, की यांना समजावून सांग. तो सुरू झाला, “ख… ख… खोकं…” आणि तिथेच अडला. सहापैकी एकाने घड्याळात पाहिलं. दुसरा हसू दाबत खिडकीबाहेर बघायला लागला. तिसऱ्याने वही मिटली आणि काकूला म्हणाला, की आम्हाला मुद्दा समजला, आम्ही खाली जातो. तिला एकदम त्या सहाही जणांची शिसारी आली. इस्त्रीचे शर्ट, गुळगुळीत हात, आणि एक वाक्य पुरं ऐकण्याइतकाही दम नाही. स्वतः अकरा वर्षं तेच केलं होतं हे ती विसरली नव्हती. त्यामुळे शिसारी कमी झाली नाही, उलट वाढली.

“थांबा,” ती म्हणाली. “त्याचं वाक्य संपलेलं नाही.”

ते थांबले. वाक्य संपायला बराच वेळ लागला, मग दुसरं, मग तिसरं. तोतऱ्याने घाम पुसला आणि शेवटी करून दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं. एकाने “धप्प” हा शब्द कसा लिहायचा असं विचारलं, आणि काकूने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने स्वतःच काहीतरी लिहून टाकलं. ते गेल्यावर तोतऱ्याने तिचे आभार मानले नाहीत. तिने मानू दिलेही नसते.

प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. घसरणीच्या तोंडाशी उभं राहणं संपलं. नव्या साहेबिणीने तिला चिठ्ठ्यांचं टेबल देऊ केलं. काकूने वरची जागा मागितली. वर आणखी एक माणूस लागत होताच, ट्रक वाढले होते.

आता ती वर असते. पहिला आठवडा तिने सगळ्याच खोक्यांना धप्प दिला, कारण हलकं आणि जड यांतला फरक डाव्या हाताला अजून कळत नव्हता. खालची बाई पडद्यातून ओरडली, की वर कोण बसवलंय. तोतरा ते ऐकून खुशाल हसला. त्याने तिच्या पुढ्यातलं खोकं ओढून घेतलं, कसं धरायचं ते एकदा दाखवलं, आणि दुसऱ्यांदा दाखवणार नाही असा भाव चेहऱ्यावर ठेवून आपल्या जागी गेला. तिला तो अजूनही गबाळा वाटतो. दोऱ्याच्या गाठी तो सैल मारतो, चहा भुरके मारत पितो, आणि वारा येतो त्या बाजूचं दार कधीच लावत नाही. तिने त्याला तुम्ही म्हणायचा प्रयत्न दोनदा करून पाहिला. जमलं नाही, आणि तोही दचकला.

दोघं फारसं बोलत नाहीत. तो एखादं वाक्य सुरू करतो तेव्हा ती हातातलं खोकं खाली ठेवते आणि ते संपेपर्यंत पुढचं उचलत नाही. नवऱ्याच्या बाबतीत तिला हे अजून साधलेलं नाही. संध्याकाळी शेवटचा ट्रक रिकामा झाला की तोतरा मोठी दारं लोटायला जातो, आणि ती त्याच्यासाठी न थांबता, एका हाताने कठडा धरून, जिना उतरते.